चिठ्ठीत आलेली पाठ

एप्रिल लागला की मला टर्पेंटाइनचा वास येऊ लागतो. विज्ञानाच्या पदवीधराने असे विधान करू नये, हे मला कळते. मी ज्या प्रयोगशाळेत नोकरी करते, तिथे बाराही महिने कुठल्या ना कुठल्या द्रावकाचा वास असतो. रंगांचे नमुने पत्र्याच्या तुकड्यांवर लावायचे, ते कधी सुकतात, कधी विटतात, कुठे पापुद्रे धरतात हे पाहायचे, असे माझे काम आहे. त्यात एप्रिलचा वास निराळा असण्याचे काहीच कारण नाही. तरीही माणगावबाहेर महामार्गाच्या कडेला करवंदांचे द्रोण घेऊन बायका बसू लागल्या की दुपारच्या वेळी माझा उजवा खांदा भरून येतो, हात बराच वेळ हवेत धरल्यासारखा जड होतो, आणि माझ्या मनात येते की या क्षणी कुठल्यातरी कला महाविद्यालयात कोणीतरी माणूस परीक्षेसाठी खुर्चीवर बसला असेल आणि त्याच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढली जात असेल.

ती रेघ मला सर्वांत आधी आठवते. मॉडेल म्हणून बसलेल्या माणसाला मधूनमधून उठावे लागते, पाय मोकळे करावे लागतात. परतल्यावर पावले पुन्हा तिथेच पडावीत म्हणून ती रेघ. खुर्चीच्या चारी पायांनाही तशाच खुणा करतात. पावले जागेवर येतात, खुर्ची जागेवर येते, माणूस मात्र तसाच परत येत नाही. खांदा किंचित उतरलेला असतो, हनुवटी खाली गेलेली असते. चार वर्षांच्या चित्रकलेच्या शिक्षणात मला नक्की काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन: पुन्हा त्याच जागी बसलेला माणूस आधीचा नसतो, हे ओळखायला.

मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन चित्रकलेच्या पदवीच्या पहिल्या वर्षात जाऊन बसले, तेव्हा वर्गातील मुले नुकती बारावी झालेली होती. माझ्या निर्णयात भाबडेपणा मुळीच नव्हता. मला जुन्या चित्रांच्या जतनाचे शास्त्र शिकायचे होते. त्या अभ्यासक्रमाला रसायनही लागते आणि कुंचलाही लागतो. एक हाती होते, दुसरे मिळवायचे होते. घरी हे सांगितले तेव्हा बाबा भाताच्या कणग्या झाकत होते.

"चित्रं काढायला चार वर्षं?" बाबांनी विचारले.

"हो."

"आनि मग?"

"मग जुनी, खराब झालेली चित्रं दुरुस्त करायचं शिकायचं."

बाबांनी थोडा विचार केला. "म्हंजे मेकॅनिकच की."

"तसंच काहीसं."

"मग हरकत न्हाय. पन चारच वर्षं हां. पुढं नोकरी, न्हायतर तुझा तो मेकॅनिकचा कोर्स."

करार स्पष्ट होता. त्या अभ्यासक्रमाची अटही तितकीच स्पष्ट होती: चित्रकलेच्या अंतिम परीक्षेत प्रथम वर्ग. म्हणून माझी ती चार वर्षे एका सरळ रेषेसारखी होती आणि तिच्या टोकाला एका एप्रिलमधील व्यक्तिचित्राची परीक्षा होती.

आमचे महाविद्यालय किनाऱ्यालगत, नारळीच्या बागांच्या मागे होते. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या कड्या गंजलेल्या, पावसाळ्यात कॅनव्हासवर बुरशी, उन्हाळ्यात पंख्याचा वारा आणि त्याबरोबर भिरभिरणारे चिठोरे. बाहेरच्यांना वाटते की कलाशिक्षण म्हणजे मन मोकळे करण्याची चैन. प्रत्यक्षात ती अंगमेहनत आहे. प्लास्टरचा एकच कान आठवडाभर काढायचा. चादरीची एकच घडी सकाळच्या उजेडात, मग दुपारच्या उजेडात. प्रयोगशाळेतही मी दमत असे. पण तिथे थकवा शरीराला येतो आणि मन आकड्यांपाशी विसावते. इथे पाहणेच थकते. संध्याकाळी खोलीवर परतताना रस्त्यावरच्या माणसांच्या गालावरची सावली दिसत राही आणि ती न पाहण्याची सोय डोळ्यांना उरलेली नसे. पाहणे बंद करता येत नाही, हा या शिक्षणाचा दुष्परिणाम मला प्रवेशाच्या वेळी कोणी सांगितला नव्हता.

परीक्षेत मॉडेलभोवती अर्धवर्तुळात जागा आखलेल्या असतात आणि कोणी कुठे बसायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. आमच्याकडे विद्यार्थी जास्त आणि खोली लहान, म्हणून ते अर्धवर्तुळ मागच्या बाजूने जवळजवळ पूर्ण होत असे. आम्हाला व्यक्तिचित्र शिकवणाऱ्या म्हात्रे सरांनी कुंचल्यांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, डबा हलवला आणि माझ्यापुढे धरला. मी चिठ्ठी उघडली. शेवटची जागा. मॉडेलच्या बरोबर पाठीमागे.

माझी मैत्रीण सानिया हिला खिडकीजवळची, पाऊण चेहरा दिसणारी, सर्वांना हवी असलेली जागा मिळाली होती. तिचे वडील दुबईत, भाऊ दुबईत, आणि घरात एकटी तीच चित्रे काढणारी, त्यामुळे कशाचेच ओझे न वाटून घेण्याची तिची पद्धत होती.

"तुझं बरं आहे यार," ती म्हणाली. "नाक काढायची कटकटच नाही."

"आणि व्यक्तिचित्र काय म्हणून दाखवू? अंबाडा?"

"टायटल दे ना, 'मॅडम रुसल्यात'."

मी सरांकडे गेले. सर म्हणाले, "जागा बदलून मिळत नाही, हे तुला माहीत आहे. पाठीला व्यक्ती नसते असं कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

परीक्षेला बसणार होती गुणामावशी. किहीमकडच्या एका वाडीत राहणारी, नारळाच्या झावळ्या विणून विकणारी, साठीच्या पुढची बाई. गेली काही वर्षे ती अधूनमधून आमच्यासाठी बसत असे. बसण्याच्या कामाला ती 'ड्युटी' म्हणे. खुर्चीत बसली की पदर नीट करी, समोरच्या भिंतीवरचा एक खिळा नजरेने पकडी आणि मग तासभर पापणीही सावकाश लववी. विश्रांतीत मात्र तिचे तोंड थांबत नसे. "काल ह्या पोरानं माझा नाक असा काढला व्हता," ती मूठ दाखवून सांगे, "माझा नवरा असता तर वळखला नसता मला. बरंच झालं असतं म्हना."

पहिल्या दिवशी मी तिच्या पाठीसमोर बसले आणि सकाळ रागात घालवली. दुपारी राग थकला आणि मग दिसू लागले. पांढुरक्या केसांचा घट्ट अंबाडा, त्यावर खिडकीतून येणारा निळसर उजेड, खाली मानेच्या दोन उभ्या शिरा, त्यांच्यामधला खळगा, आणि चोळीच्या काठावर आलेली उन्हाने रापलेली कातडी. पांढऱ्या केसात पांढरा रंगकण नसतो. केसात रंग उरलेला नसतो आणि उजेड आतल्या पोकळ्यांमधून विखुरतो, म्हणून तो पांढरा दिसतो. हे मला पाठ होते. पण ते कॅनव्हासवर आणायला मला निळा, गेरू, किंचित हिरवा आणि पुष्कळ धीर लागला. दुसऱ्या दिवसअखेर अंबाडा झाला. त्या राखाडी छटांइतके अचूक काम मी आधी कधी केले नव्हते, आणि अंबाड्याने माझ्या कॅनव्हासचा अर्ध्याहून अधिक भाग व्यापला होता.

समोर बसलेल्यांना न दिसणारी एक गोष्ट मला दिसत होती. चेहऱ्याला थकवा लपवण्याची सवय असते. मानेला ती कोणी लावलेली नसते. तासाभराने मावशीचा चेहरा, सानियाच्या सांगण्याप्रमाणे, जसाच्या तसा होता. मागे मात्र डावा खांदा उतरू लागे, मानेच्या शिरा ताठ होत, आणि मग कधीतरी सगळी पाठ एक बारीक उसासा टाकी. तो उसासा मी रंगवत होते. मला वाटते, तेव्हा मी पहिल्यांदाच गुणांचा विचार न करता रंगवत होते. पण तो विचार फार लांब गेलेला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुणामावशी आली ती कुळकुळीत काळ्या केसांची.

सानिया जोरात हसली. "मावशी! हीरोईन!"

"सुनेनं लावला काल डाय," मावशी लाजून म्हणाली. "म्हनाली, आई, शेवटाचे दोन दिस हायत, मोठे सायब येनार चित्रं बघायला. सगल्यांच्या चित्रात म्हातारी दिसशील काय?"

पुढच्या बाकांवरच्या मुलांसाठी तो कपाळावरचा एक काळा पट्टा होता. अर्ध्या तासात त्यांनी तो बदलला. माझ्यासाठी ते सगळे चित्र होते. मी सरांकडे पाहिले. सर माझ्या कॅनव्हासपाशी आले आणि म्हणाले, "समोर आहे ते रंगवायचं. काल होतं ते काल."

परीक्षक मॉडेल गेल्यानंतर येणार होते. राखाडी अंबाडा तसाच ठेवला असता तर कोणालाही कळले नसते, हे मी पंख्याखाली उभी राहून स्वच्छ तपासून पाहिले. अडचण मानेची होती. काळ्याशेजारी तीच कातडी उजळ दिसते, पांढऱ्याशेजारी सावळी. कालचे केस आणि आजची मान एकत्र ठेवली असती तर दोन निरनिराळ्या उजेडांतली दोन माणसे जोडल्यासारखे झाले असते. मी सुरी घेतली आणि दोन दिवसांचा अंबाडा खरवडून काढला. राखाडी रंगाचे वेटोळे वर्तमानपत्रावर साचत गेले. मावशी समोरच्या खिळ्याकडे पाहत होती. तिला यातले काहीच दिसत नव्हते.

आणि मग, नवा काळा अंबाडा अर्धा होत आला असताना, मला तो डाग दिसला. घरी लावलेला कलप मानेवर ओघळला होता. केसात जे प्रथिन असते, त्याच्याच जातीचे कातडीच्या वरच्या थरात असते. कलप दोन्हींत भेद करीत नाही. डाव्या कानामागून मानेच्या खळग्यापर्यंत एक काळपट-जांभळा ओघळ गेला होता, कडेला फिकट, मध्ये गडद. त्याच्याशेजारी रापलेली कातडी एकदम जिवंत दिसत होती. मी तो ओघळ चौथ्या दिवशी दुपारपर्यंत रंगवला. सर मागून गेले, थांबले, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच म्हणाले, "इथे आता हात लावू नकोस." प्रथम वर्ग मला त्या वाक्यात दिसला. खरे सांगायचे तर त्यापलीकडचा प्रवेश अर्जही दिसला.

शेवटचा अर्धा तास उरला तेव्हा सरांनी मावशीला मोकळे केले. ती उठली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि दर वर्षीप्रमाणे प्रत्येकाच्या चित्रासमोर जाऊन निकाल देऊ लागली. "बरी काढलीस." "मेल्या, डोळा तिरळा केलास." "ही तर माझी जाऊबाय." सगळे हसत होते. अखेरीस ती माझ्यापाशी आली आणि हसली नाही.

"मानेवर हे काळं काय हाय गो?"

"कलप आहे, मावशी. खाली ओघळलाय."

तिचा हात लगेच मानेकडे गेला. "दोन दिस हाय तसाच?"

"हो."

"आनि कुनी बोलला न्हाय मला?"

"सगळे पुढे बसलेत. मागे मी एकटीच होते."

"मग तू तरी बोलायचा ना. पूस तो."

"मावशी, तोच भाग चांगला आलाय. सरसुद्धा म्हणाले."

"तुला चांगला. मान माझी हाय." मग तिचा आवाज खाली आला. "समोरचं तोंड मी आरशात रोज बघते. पाठ जन्मात बघितली नव्हती. आज पयल्यांदा बघते, आनि ती अशी?"

मी तिला सांगू शकले असते की हे चित्र तिच्या ओळखीचे कोणीही पाहणार नाही. सांगू शकले असते की डाग आठवड्यात जातो. दोन्ही खरे होते. मी चिंधी टर्पेंटाइनमध्ये बुडवली आणि ओघळ पुसला. ओला रंग एका फटक्यात आला, बरोबर मानेचा उजेडही घेऊन आला. उरलेल्या वेळात मी तिथे कातडीचा रंग भरला: पातळ, सपाट, घाईचा. सानिया माझ्याकडे पाहून फक्त एवढेच म्हणाली, "वेडी आहेस का गं तू?" मावशी मात्र म्हणाली, "हां. आता माझी वाटते," आणि चपला शोधायला गेली.

निकाल पावसात लागला. द्वितीय वर्ग. परीक्षकांचा शेरा सरांनी तोंडी सांगितला: मानेचा भाग उरकलेला वाटतो. हा शेरा निर्णायक ठरला की माझ्या निसर्गचित्रांचे गुण आधीच कमी होते, हे मला आजही माहीत नाही. एकाच प्रयोगावरून, तुलनेला दुसरा नमुना नसताना, कारण सांगता येत नाही. मी हे स्वतःला इतक्या वेळा सांगितले आहे की आता त्या वाक्याचाही कंटाळा येतो. बाबांनी एका रंगांच्या कंपनीतल्या ओळखीच्या माणसाकडे माझा अर्ज दिला आणि करार पूर्ण झाला. महाविद्यालयाने चित्र परत केले तेव्हा ते ठेवायला माझ्याकडे जागा नव्हती. गुणामावशी म्हणाली, "माझी पाठ मला दे," आणि मी ती किहीमला पोचवली.

यंदाच्या एप्रिलमध्ये मी पुन्हा तिच्याकडे गेले. जतनाच्या त्या अभ्यासक्रमाने आता वर्गाची अट शिथिल केली आहे. प्रयोगशाळेतील अनुभव चालतो, सोबत स्वतःचे एक मूळ तैलचित्र आणून दाखवायचे असते. माझ्याकडे दाखवण्याजोगे तेच एक. मुलाखत त्याच आठवड्यात होती. मी ते न्यायला गेले होते. रंगांची पेटीही बरोबर घेतली होती, आणि का घेतली होती हे मला नीट माहीत होते. तो ओघळ माझ्या हाताला अजून पाठ आहे. कडेला फिकट, मध्ये गडद. दोन दिवसांत वरवर सुकेल इतका पातळ थर, नेण्याआधी खोलीवर बसून, कोणाला न दाखवता.

चित्र पडवीत टांगलेले होते. मावशीचे केस आता पूर्ण पांढरे, मोकळे. बसण्याची ड्युटी तिने सोडली आहे. सुनेने पाणी आणून दिले आणि चित्राकडे हात केला. "येनारा-जानारा विचारतो, तोंड कुठाय? मी सांगते, तोंड आत चा करतंय."

"तुझ्याच कलपानं एवढं रामायन झालं," मावशी म्हणाली.

"चांगलं दिसावं म्हनून लावला ना आई."

मी चित्र खाली उतरवून अंगणात उजेडाला आणले आणि थांबले. मानेवर, मी घाईने भरलेल्या कातडीच्या रंगातून, एक जांभळट सावली वर आली होती. तेलरंगाचा पातळ थर काळानुसार पारदर्शक होत जातो आणि खालचे उरलेले वर दिसू लागते. मी ओघळ पुसला होता, काढला नव्हता. इतक्या लवकर हे दिसेल असे मला वाटले नसते, पण थर खरोखरच फार पातळ होता. मला पेटी उघडण्याचीही गरज नव्हती. डाग आपणहून परत येत होता, मी रंगवला असता त्याहून सुंदर, आतून उमटल्यासारखा.

"परत आला बघ तो," मावशी माझ्या खांद्यावरून म्हणाली. "मागच्या पावसापासनं दिसतोय. मला वाटलं माझीच नजर गेली. तू पुसलास ना तेव्हा?"

"पुसला होता."

"मग?"

मी तिला पारदर्शकतेचे शास्त्र सांगू लागले. तिने मधेच हात वर केला.

"ते तुझं तुला म्हाईत. न्यायचं असंल तर ने, तुझंच हाय. पन अशी नको नेऊस मला."

जलद सुकणारा रंग तेलावर लावला तर काही महिन्यांत तो पापुद्र्यासारखा सुटतो. असे नमुने मी रोज नापास करते. डाग नीट झाकायचा तर तेलरंगच हवा, जाड आणि सावकाश, आणि समुद्राकाठच्या या दमट हवेत तो थर मुलाखतीच्या दिवशी ओलाच असणार. ओले चित्र गुंडाळता येत नाही, बसमधून नेता येत नाही. दुसरे चित्र तोपर्यंत होणार नव्हते. हे सगळे गणित मी अंगणात उभ्याउभ्या केले. त्याला फार वेळ लागला नाही. मी फार दमले होते. नोकरीने, उन्हाने, आणि तीच मान पुन्हा पुन्हा पाहण्याने.

"एक स्टूल आणा," मी सुनेला म्हटले.

मावशीला कळायला एक क्षण लागला. मग तिने केस गोळा करून अंबाडा घातला, पदर सारखा केला आणि माझ्याकडे पाठ करून बसली. खडू नव्हता; तिने पावले जुळवून स्वतःच जागा धरली. समोर पाहायला खिळाही नव्हता, नुसती नारळाची खोडे होती. मानेवर आता कलपाचा मागमूस नव्हता. रापलेली कातडी, दोन शिरा, मधला खळगा, आणि अंबाड्यातून सुटलेले पांढरे बारीक केस. मी पेटी उघडली, पॅलेटवर गेरू काढला, पांढरा काढला, आणि कुठल्याही छटेचे प्रमाण मनात न मांडता मिसळू लागले.

बऱ्याच वेळाने तिचा डावा खांदा उतरू लागला.

"मान दुखली तर सांगा, मावशी. थांबू आपण."

"दुखतेच हाय," ती न हलता म्हणाली. "तू कर."